पॅरिसच्या जुन्या पातिस्रीत जाताना: एका सोलापुरी बेकरीवाल्याच्या सूचना

पातिस्रीत, म्हणजे केक-पेस्ट्रीच्या दुकानात, शिरलं की आधी ‘बोंझूर मादाम’ म्हणायचं. काउंटरमागं पुरुष असला तर ‘बोंझूर मस्यू’. मग काय पाहिजे ते. एवढं लक्षात ठेवलंत आणि पुढचं वाचायचा कंटाळा केलात तरी चालेल. हे विसरलात तर मात्र पुढचं सगळं पाठ करूनही उपयोग नाही.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. जानेवारीत लेकीकडं पॅरिसला गेलो, तेव्हा चौथ्या का पाचव्या दिवशी एकटाच फिरायला बाहेर पडलो आणि घराजवळच्या एका दुकानात शिरलो. काचेआड जे मांडलं होतं ते बघून भान गेलं. पस्तीस वर्षं सोलापूरच्या पूर्व भागात बेकरी चालवलेला माणूस मी. खारी, टोस्ट, नानकटाई, बटर, पाव यांत आयुष्य गेलं. तिथं काचेवर बोट टेकवून इंग्रजीत म्हणालो, ‘धिस वन, टू पीस.’ बाईंनी बोटाकडं पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडं बघत ठासून म्हणाल्या, ‘बोंझूर, मस्यू.’ मी परत बोट दाखवलं. त्या परत ‘बोंझूर’. मागं रांगेत चार माणसं. तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. मोटारसायकल चालूच ठेवून, हेल्मेटसुद्धा न काढता ‘ए, पाव किलो खारी दे’ म्हणणाऱ्या ज्या गिऱ्हाइकाला मी गल्ल्यावर बसून मनातल्या मनात शिव्या घालायचो, तोच आज मी झालो होतो. बोट मागं घेतलं, ‘बोंझूर मादाम’ म्हणालो, आणि बाई एकदम हसल्या. जणू मी आत्ताच आत आलो.

परत आल्यापासून पार्क चौकात चहाला उभा राहिलो की कुणी ना कुणी विचारतोच, ‘काय खाल्लं बे तिकडं?’ ओळखीतल्या दोन-तीन घरांची पोरं आता तिकडं नोकरीला आहेत, आईबाप जायच्या तयारीत आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. गिऱ्हाईक पायरी चढतंय तोवर जीभ वळवायची सवय सोलापूरच्या दुकानदाराला असतेच. पद्मशाली आजी आल्या की ‘बागुन्नारा?’, नई जिंदगीतला पोरगा आला की ‘बोलो भाई’, अक्कलकोटकडचा माणूस आला की ‘एन बेक्री?’ हे कानडीतलं ‘काय पाहिजे?’. बेकरीत बसून दिवसाला पन्नास वेळा ‘बेक्री, बेक्री’ करणाऱ्या माणसाला सहा फ्रेंच शब्द काय जड?

ते सहा असे. बोंझूर झाल्यावर ‘ज व्हुद्रे’, म्हणजे मला हवंय, आणि पदार्थाचं नाव. नाव येत नसलं तर बोट दाखवा, पण काचेपासून चार बोटं लांब. शेवटी ‘सिल वू प्ले’. बाई वस्तू काढून ठेवतात आणि विचारतात, ‘ए अव्हेक ससी?’ पहिल्यांदा मला वाटलं काहीतरी चुकलं. काही नाही, आपलं ‘आणखी काय देऊ?’ आहे ते. प्रत्येक वस्तूनंतर विचारतात, मीही विचारायचो. संपलं असेल तर ‘स से तू, मेर्सी’. निघताना ‘ओ रव्वार’. मुकाट्यानं पाठ फिरवून निघायचं नाही. संध्याकाळी बोंझूरचं ‘बोंस्वार’ होतं, सकाळी-दुपारी बोंझूरच.

आणखी एक बारीक गोष्ट. एक दाखवायला आपण तर्जनी वर करतो. तिकडची मोजणी अंगठ्यापासून सुरू होते. अंगठा म्हणजे एक, अंगठा आणि तर्जनी म्हणजे दोन. रोख पैसे द्यायचे तर बाईंच्या हातात कोंबू नका. गल्ल्यापाशी एक छोटी बशी असते, तिच्यात ठेवायचे, सुट्टेही तिच्यातच मिळतात. कार्ड सर्रास चालतं. आणि चिमटा उचलून स्वतःच माल काढायचा नाही, ते त्यांचं काम.

रांगेचं मला फार नवल वाटलं. मागं दहा माणसं उभी असली तरी बाई पुढच्या म्हातारबाबांशी गुडघेदुखीवर बोलत असतात, आणि मागचं कुणी ‘च्च’ करत नाही. तुमची पाळी आली की तेवढाच वेळ तुमचा. घाई करू नका.

कुठल्या दुकानात जायचं

पाट्या वाचायला शिका. ‘बुलांझ्री’ म्हणजे पाववाला. फ्रान्समध्ये १९९८ च्या कायद्यानं ही पाटी लावायची तर कणीक तिथंच मळून, तिथंच फुगवून, तिथंच भाजावी लागते. तयार गोठवलेला पाव आणून भाजणाऱ्याला ही पाटी लावता येत नाही. वाचून मला गहिवरून आलं. पण हमी पावापुरतीच हं. त्याच दुकानातला क्रोआसाँ, म्हणजे पदरापदरांचा मऊ रोल, कारखान्यातून गोठून आलेला असू शकतो. ‘पातिस्री’ म्हणजे क्रीमचे, फळांचे, पाकातले नाजूक पदार्थ करणारा. ‘व्हिएन्वाझ्री’ म्हणजे क्रोआसाँ आणि त्याची भावंडं. नावातच व्हिएन्ना आहे: ऑगुस्त झांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसानं १८३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पॅरिसात व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली आणि पॅरिसला त्या मालाची चटक लागली. आणि ‘सालों द ते’ असं लिहिलेलं असेल तर तिथं खुर्चीत बसून चहाबरोबर खाता येतं. बाकी ठिकाणी बहुतेक डबा घेऊन निघायचं.

बसून खायचं असेल तर र्यू द रिव्होलीवर १९०३ पासूनचं आंजेलिना आहे. तिथला माँ-ब्लाँ प्रसिद्ध: खाली मरँग, म्हणजे अंड्याचं पांढरं साखरेत फेटून भाजलेला कुरकुरीत थर, वर साय, आणि सगळ्यावर चेस्टनटच्या गोड लगद्याच्या शेवया. सोऱ्यातून काढल्यासारख्याच दिसतात. गरम चॉकलेट इतकं दाट की चमचा लागतो. रांगेची तयारी ठेवून जा.

पण एकच जुनं दुकान बघायचं असेल तर स्तोरेर बघा. पोलंडच्या पदच्युत राजाची, स्तानिस्लासची मुलगी मारी १७२५ साली पंधराव्या लुईची राणी होऊन व्हर्सायला आली. तिच्यामागोमाग निकोला स्तोरेर हा तिचा मिठाईवालाही आला. १७३० साली त्यानं र्यू मोंतोर्गेईवर ५१ नंबरला स्वतःचं दुकान टाकलं. पॅरिसातली सगळ्यांत जुनी पातिस्री ती हीच. आपल्या हिशोबानं सांगायचं तर पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला तेही हेच साल. वाडा १८२८ च्या आगीत जळाला. इथं अजून रांग लागते.

मेट्रोच्या ४ नंबर लाइननं ‘एतिएन मार्सेल’ला उतरा, किंवा ३ नंबरनं ‘सांतिए’ला. मी सांतिएला उतरा म्हणेन, कारण तो पॅरिसचा जुना कापडधंद्याचा भाग. सोलापूरच्या माणसाचे पाय तिथं आपोआप रेंगाळतात. मोंतोर्गेईचा रस्ता चालणाऱ्यांचा. मासे, चीज, भाजी, फळं, फुलं सगळं दुकानाबाहेर मांडलेलं. शेजारीच पॅरिसची मोठी मंडई होती, ती १९६९ साली शहराबाहेर रँझीसला हलवली. पण रस्त्याचा बाज मंडईच्या शेजाऱ्याचाच राहिला आहे. आमच्या हिला तर लक्ष्मी मंडईत आल्यासारखं झालं. मुळ्याचा भावसुद्धा विचारून आली.

दुकान लहान आहे. आत गेल्यावर सगळे काचेत बघतात, तुम्ही आधी भिंती आणि छत बघा. एकोणिसाव्या शतकातली रंगवलेली सजावट आहे. भिंतींवरच्या बायकांच्या हातात देवादिकांचं काही नाही, त्याच दुकानातले गोड पदार्थ आहेत. ही सजावट पॉल बोद्रीच्या नावाशी जोडली जाते. पॅरिसच्या ऑपेऱ्यातल्या मोठ्या दालनाचं (ग्रां फ्वाये) छत रंगवणारा तो चित्रकार. माझ्या बेकरीच्या भिंतीवर कॅलेंडर होतं आणि एक पाल. फोटो काढायचा तर आधी विचारा, बहुतेक हो म्हणतात. फक्त काउंटरमागच्या माणसाच्या तोंडावर मोबाइल धरू नका.

सोमवारी पुष्कळ दुकानं बंद असतात, ऑगस्टात तर मालकच सुट्टीवर. शनिवारी-रविवारी सकाळी सगळा गाव डबे घेऊन सासुरवाडीला निघालेला दिसतो. मंगळवार ते शुक्रवार, सकाळी दहा-अकराच्या सुमाराला जा. माल सगळा मांडलेला असतो, बाईंना तुमच्याशी बोलायला सवड असते.

भाव ऐकून दचकू नका. क्रोआसाँ दीड युरोच्या आसपास, एक नग पेस्ट्री साधारण पाच ते आठ युरोला. युरोला शंभर रुपये धरा, हिशोब सोपा जातो आणि छातीत धडधड एकदाच होते.

काय मागायचं

एका खेपेला माणशी एकच वस्तू. मी पहिल्या दिवशी चौघांसाठी नऊ नग आणले. पाचव्यानंतर कुणाला चव कळेना, आणि चार नग दुसऱ्या दिवशीवर गेले. ते कसे लागले ते पुढं सांगतो.

माझ्यासारख्यानं पहिला मागावा तो मिलफ्यॉय. नावाचा अर्थ हजार पानं. तीन थर खुसखुशीत पफचे, मधे दोन थर दाट कस्टर्डचे. बघताक्षणी मला ओळख पटली: ही आपली खारी. मैद्याच्या पोळीत लोण्याची पोळी गुंडाळायची, लाटायची, तीन पदरी घडी घालायची, गार करायची, परत लाटायची. सहा घड्या घातल्या की लोण्याचे ३, ९, २७, ८१, २४३ आणि शेवटी ७२९ पदर होतात. भट्टीत गेल्यावर लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती पदर उचलते. फ्रान्समध्ये लोण्यात किमान ८२ टक्के स्निग्धांश लागतो, पाणी १६ टक्क्यांवर चालत नाही. पफसाठी तर त्याहून कोरडं, ८४ टक्क्यांचं लोणी मिळतं.

मग आपली खारी अशी का लागत नाही? मला हा प्रश्न लेकीनंच विचारला, आणि मला जरा लागलं. ऐका. लोणी ३२ ते ३५ अंशांत पाघळतं. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ च्या वर. भट्टीच्या खोलीतली तर गोष्टच सोडा. लोणी घातलं तर दुसऱ्याच घडीला ते पिठात मुरतं, पदर राहतच नाहीत, नुसती बिस्किटं होतात. म्हणून आपण वनस्पती तूप घालतो, ते उन्हात तग धरतं. त्यातही उन्हाळ्यात घड्या पहाटे तीनला मारायच्या, बर्फाच्या लादीशेजारी. तोंडात मात्र ते लोण्यासारखं विरघळत नाही, टाळूला चिकटतं. मिलफ्यॉयचा पहिला घास गिळल्यावर टाळूवर काही उरलं नाही, तेव्हा मी दोन मिनिटं गप्प बसलो. पस्तीस वर्षं जे हाताला माहीत होतं, ते जिभेला पहिल्यांदा कळत होतं.

मिलफ्यॉय वरून चमच्यानं दाबायचा नाही, कस्टर्ड बाजूनं पळतं आणि शर्टावर येतं. आडवा पाडायचा आणि सुरीनं पदरांच्या कडेनं कापायचा. बोटांनी खाल्लात तरी कुणी हसत नाही.

स्तोरेरमध्ये दुसरं काही घेतलं नाही तरी बाबा घ्या. फोनवर धाकट्या भावाला ‘आज बाबा खाल्ला’ म्हटलं तर तो विचारतो, ‘कुठले बाबा?’ यीस्टवर फुगवलेली, अंडी-लोण्याची मऊ कणीक भाजून कोरडी होऊ देतात, मग रम घातलेल्या पाकात मुरवतात. वाळलेला पाव पाक जास्त पितो आणि भिजूनही मोडत नाही, हे शाही तुकडा करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. गोष्ट अशी सांगतात की राजा स्तानिस्लासला ताटातला केक फार कोरडा लागला, म्हणून त्यानं त्यावर दारू ओतायला लावली, आणि अरबी सुरस कथांतल्या अलीबाबावरून नाव दिलं. खरंखोटं राजाला माहीत. रमचा वास मात्र खराखुरा असतो, ती पाकात शिजून उडालेली नसते. व्रतवैकल्यवाल्यांनी लांब राहावं. मी अर्धा खाल्ला. जावयानं राहिलेला अर्धा इतक्या चटकन संपवला की मला त्याच्या बॅचलर दिवसांबद्दल शंका आली.

तिथंच ‘पुई दामूर’ मिळतो, अर्थ प्रेमाची विहीर: पफची वाटी, आत व्हॅनिलाचं कस्टर्ड, वर तापलेल्या लोखंडानं जाळलेल्या साखरेचा कडक पापुद्रा. बाकीच्यांतलं पारी-ब्रेस्त ओळखून ठेवा. सायकलच्या चाकासारखं गोल असतं, कारण पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या सायकल शर्यतीच्या सन्मानार्थ १९१० साली लुई द्युरान या पातिस्रीवाल्यानं ते केलं. आत हेझलनट-बदामाच्या प्रालीनचं क्रीम. आपल्या शेंगदाण्याच्या लाडवाच्या वासाच्या जवळ जाणारं त्या काचेआडचं हे एकच. एक्लेर, म्हणजे आत क्रीम भरलेली लांबट पेस्ट्री, सगळीकडं मिळतं, शेवटच्या दिवसासाठी ठेवा.

क्रोआसाँ घेताना ‘ओ बर’ म्हणजे लोण्याचा मागा. रूढी अशी की लोण्याचा सरळ असतो आणि मार्गारिनचा, ‘ओर्दिनेर’, चंद्रकोरीसारखा वाकलेला. कायदा नाही हा, पण बहुतेक वेळा बरोबर निघतं.

अंडं न खाणाऱ्यांसाठी

आमची ही अंड्याला शिवत नाही. पॅरिसची पातिस्री म्हणजे तिच्या दृष्टीनं अंड्याचं दुकान. कस्टर्डमध्ये अंडं, एक्लेरच्या कवचात अंडं, मरँग आणि माकारों नावाच्या बिस्किटांत अंड्याचं पांढरं, क्रोआसाँच्या पोटात बहुधा नसलं तरी वरची चकाकी अंड्याचीच. तिला घेऊन जाणं म्हणजे पंढरपुरात माळकऱ्याला खानावळ शोधून देण्याच्या उलट काम. तरी मार्ग निघतो.

युरोपात १४ ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती दुकानदाराला द्यावीच लागते, आणि त्यांत अंडं आहे. वहीच असते, मागितली की दाखवतात. ‘अंड्याशिवाय’ असं फ्रेंचमध्ये म्हणायला गेलात तर उच्चारात गोंधळ होईल. कागदावर लिहून दाखवा, लेक-सून आहेच लिहून द्यायला. पण नीट ऐका: जिलेटिन आणि दारू त्या चौदांत येत नाहीत. ती वहीत दिसली नाहीत म्हणून पदार्थात नाहीत असं समजू नका. पदार्थ जमवायला घालतात ते जिलेटिन बऱ्याचदा डुकराचं असतं. फ्रेंच शब्द ‘झेलातीन’, तोंडी विचारा. माझी खूण अशी: जे आरशासारखं चमकतं आणि डबा हलवला की थरथरतं, त्यात ते असण्याची शक्यता दाट. मूस आणि बाव्हारवा (दोन्ही फेसाळ क्रीमचे गार पदार्थ), चकचकीत केक.

तिला चाललेल्या गोष्टी दोन. एक ‘पाल्मिए’: साखर लावून दोन्हीकडून वळवलेली मोठी, कानाच्या आकाराची गोड खारी. मैदा, लोणी, साखर. वर अंड्याचा हात फिरवलेला नाही ना, एवढं विचारून घ्यायचं. दुसरी ‘पात द फ्रुई’: फळांच्या रसाच्या साखरेत घोळलेल्या चौकोनी वड्या. त्या पेक्टिनवर, म्हणजे फळांपासून मिळणाऱ्या घट्ट करणाऱ्या पदार्थावर, जमवतात, जिलेटिन लागत नाही. तिचा शेरा: ‘आंबापोळीच की ही, फक्त जाड.’

आणि खरं तिचं पोट भरलं ते पावावर. ‘बागेत त्रादिस्यों’ मागायचा. १९९३ च्या सरकारी हुकमानं त्यात मैदा, पाणी, मीठ, यीस्ट किंवा आंबवण याच्या पलीकडं जवळपास काही घालता येत नाही. त्यावर खारं लोणी, आणि लोण्यावर सोलापूरहून नेलेली शेंगा चटणी. दहा दिवस सकाळचा नाष्टा हाच. जावई आधी हसला, मग त्याचीही पोळी सुटली.

डबा आडवा धरा

बाई पुठ्ठ्याचा डबा करून वर सुतळीसारखी रिबन बांधून देतात, बोटात अडकवायला फास ठेवतात. डबा कायम आडवा. मी पहिल्या दिवशी तो पिशवीत उभा घातला आणि मेट्रोत गर्दीत उभा राहिलो. घरी उघडला तर ‘रलिझ्यूझ’ची, म्हणजे एकावर एक दोन गोळे ठेवून केलेल्या त्या ‘जोगिणी’ची, मान मोडून ती मिलफ्यॉयच्या मांडीवर पडलेली. पातिस्रीला पॅरिसात सगळ्यांत शेवटी जा, तिथून थेट घर. मधे म्युझियम नको.

आणलेलं त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशीचे चार नग म्हणालो ना, त्यांत दोन मिलफ्यॉय होते. कस्टर्डचं पाणी रात्रभरात पदरांत उतरलं होतं. चिवट, ओले, पावसाळ्यात डबा उघडा राहिलेल्या खारीसारखे. फ्रिज खारीचा वैरी आहे हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगितलं आणि तिथं स्वतःच फ्रिजमध्ये ठेवून आलो.

जानेवारीत गेलात तर

जानेवारीत जाऊ नका असं सगळे म्हणाले. थंडी, आणि सूर्य पावणेनऊला उगवतो. मला भट्टीच्या सवयीनं चारलाच जाग यायची, साडेचार तासांचा फरक वेगळा. अंधारात कोट चढवून रस्त्यावर गेलो की फुटपाथवरच्या जाळीतून लोण्याचा गरम वास यायचा; भट्टी खाली तळघरात. तिथं दहा मिनिटं उभा राहायचो. ते माझं सकाळचं देवदर्शन.

पण जानेवारीचा फायदा म्हणजे ‘गालेत दे र्वा’, राजांची पोळी. ६ जानेवारीच्या सणाची, पण महिनाभर विकतात. पफच्या दोन चकत्या, मधे बदामाचं सारण, आणि सारणात कुठंतरी चिनीमातीची एक बारीक आकृती दडवलेली. तिला ‘फेव्ह’ म्हणतात. पूर्वी खरोखर घेवड्यासारखी बी असायची. घरातलं सगळ्यांत धाकटं पोर टेबलाखाली बसतं आणि कुठला तुकडा कुणाला ते ओरडून सांगतं, म्हणजे वशिला चालत नाही. ज्याच्या तुकड्यात फेव्ह निघेल तो राजा. सोनेरी कागदाचा मुकुट दुकानदार बरोबरच देतो, घ्यायला विसरू नका. गालेत घरी आणून भट्टीत दहा मिनिटं कोमट करा, गार खाऊ नका. कवळी असेल तर जपून चावा.

त्या वर्षी आमचा गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, चुकला. लग्नानंतर पहिल्यांदाच. भोगीला सोलापुरात दुपारी सिद्धेश्वराच्या लग्नाचा अक्षता सोहळा, तेव्हा पॅरिसात सकाळचे नऊ. टेबलावर मोबाइल उभा केला. संमती कट्ट्यापाशी नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंद्या, ‘हर्र बोला हर्र’. मधे कोमट गालेत, टेबलाखाली नातू. तिकडं अक्षता पडल्या तशा हिनं इकडं मूठभर तांदूळ मोबाइलवर टाकले. अर्धे गालेतवर. नातू खालून ओरडत होता, ‘हा आजोबांना! हा आईला!’ फेव्ह त्याच्याच तुकड्यात निघाली, आणि तो मुकुट घालून तांदूळ वेचून खात बसला.

परत येताना

क्रीमचं काही आणू नका, मुंबईच्या विमानतळावरच त्याचा जीव जातो. पात द फ्रुई, नुगा, लोण्याची सुकी बिस्किटं येतात. पत्र्याच्या डब्यातली घ्या आणि डबा हातातल्या सामानात ठेवा. पुढं सिद्धेश्वर एक्स्प्रेसची रात्रही तो धरून काढतो. दुकानात ‘पूर ओफ्रीर’ म्हणजे भेट द्यायचंय असं म्हणालात की कागद-रिबन वेगळी करून देतात, तिचे पैसे घेत नाहीत.

वड्या होळीच्या आत संपवा. मार्चमध्ये आपल्याकडं वरच्या साखरेला घाम फुटतो आणि त्या एकमेकींना चिकटतात. आमच्या संपल्या. डबा चांगला होता, झाकण घट्ट बसतं. हिनं त्यात शेंगा चटणी भरून ठेवली आहे.